‘हे कुठून आलं?’ : वारशाने आलेल्या मेथडचा माग



१९९० नंतरची पहिली काही वर्षे. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लस चालणारी यंत्रे मोजकी आणि आम्ही विद्यार्थी पुष्कळ. म्हणून प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, नंबर लागला की भराभर टाइप करायचा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कडेला भोके असलेल्या सलग कागदावर छापून सरांकडे न्यायचा. सर तो कागद टेबलभर पसरत, वरून खाली वाचत येत आणि मध्येच एखाद्या ओळीवर पेन्सिल टेकवून विचारत, “हे कुठून आलं?”

त्या ओळीत चूक असेच असे नाही. बहुतेक वेळा ती बरोबरच असे. सरांना एवढेच हवे असे, की या ओळीत जी मेथड बोलावली आहे तिची व्याख्या या लांब कागदावर नेमकी कुठे आहे ते दाखव. “वरून आलं सर, पेरेंट क्लासमधून,” हे उत्तर त्यांना चालत नसे. “वर म्हणजे किती वर? बोट ठेव.” बोट जागेवर जाईपर्यंत पेन्सिल उचलली जात नसे.

आज त्यांच्या स्मरणार्थ बोलताना त्यांचा तोच प्रश्न मी विषय म्हणून घेतला आहे. समोर हिंजवडी आणि खराडीत दिवसभर कोड लिहून आलेली मंडळी दिसतात, तशीच आयुष्यात कोडची एक ओळही न लिहिलेले श्रोतेही दिसतात. दोघांनाही सोबत घेऊन जायचा प्रयत्न करतो.

आधी वारसा म्हणजे काय ते. एका बँकेचा हिशेब लिहायचा आहे. खाते नावाचा एक क्लास केला. क्लास म्हणजे साचा: त्यात माहिती कोणती ठेवायची आणि त्या माहितीवर कोणती कामे करायची हे लिहिलेले असते. त्या कामांना मेथड म्हणतात. आता ठेव हेही एक प्रकारचे खातेच. म्हणून ठेव हा क्लास खात्याचा वारस म्हणून जाहीर केला. त्याच्याखाली मुदत ठेव, तिच्याखाली ज्येष्ठ नागरिकांची मुदत ठेव. खातेदाराचे नाव दाखवण्याची मेथड सर्वांत वर एकदाच लिहिली. खालच्या तिघांना ती न लिहिता मिळाली. ज्येष्ठांचा व्याजदर वेगळा, तेवढी एकच मेथड सर्वांत खालच्या क्लासमध्ये पुन्हा लिहिली. या पुन्हा लिहिण्याला ओव्हरराइड करणे म्हणतात. वारसाने वडिलांचे घर ठेवले आणि एक खोली आपल्या सोयीने बदलली, असे समजा.

ही कल्पना नॉर्वेची. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. वाहतुकीसारख्या व्यवहारांच्या प्रतिकृती संगणकात उभ्या करणे हे त्यांचे काम. पुलावरच्या टोलनाक्यापाशी रांग आहे, रांगेत ट्रक आहेत, बस आहेत; रांगेच्या दृष्टीने सगळी वाहनेच, पण प्रत्येकाचे वागणे थोडे वेगळे. जे समान ते एकदाच लिहावे आणि वेगळेपण तेवढे ज्याच्या त्याच्याजवळ ठेवावे, या गरजेतून क्लास आणि उपक्लास आले. पुढे अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने स्मॉलटॉक घडवली. स्मॉलटॉकच्या पहिल्या आवृत्तीत वारसा नव्हता. तो १९७६ च्या आवृत्तीत आला. त्यानंतर सी प्लस प्लस, जावा, पायथन. पुण्यात आज ज्या भाषांवर हजारो घरे चालतात, त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात ही ऑस्लोची कल्पना आहे.

आता माग काढायचा कसा ते पाहू. स्मॉलटॉकचा नियम सर्वांत स्वच्छ. क्लासच्या साच्यातून घडवलेला प्रत्यक्ष नग म्हणजे ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टला एखादे काम करण्याचा निरोप मिळाला, की आधी त्याच्या स्वतःच्या क्लासमध्ये त्या नावाची मेथड पाहायची. नसेल तर वरच्या क्लासमध्ये. तिथेही नसेल तर आणखी वर. अगदी सर्वांत वरच्या क्लासपर्यंत जाऊनही काही मिळाले नाही, तर ‘मला हे समजत नाही’ अशा अर्थाचा निरोप त्या ऑब्जेक्टलाच परत मिळतो. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात मूळ पुरुषापासून सुरुवात करून खाली नातवंडा-पतवंडांपर्यंत येतात. इथे उलट, शेंडेफळापासून निघून मूळ पुरुषाकडे चढायचे, आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबायचे.

हे ऐकायला सोपे वाटते. पण चढताना वाटेत एक वळण आहे. समजा व्याज काढण्याची मेथड सर्वांत वर, खाते या क्लासमध्ये आहे. ज्येष्ठांच्या ठेवीवर ती बोलावली. आपण एक एक पायरी चढत खात्यापर्यंत गेलो, मेथड सापडली, वाचू लागलो. तिच्या पोटात ओळ आहे: दर विचारा. हा दर कोणाचा? आपण उभे आहोत खात्यात, म्हणून खात्याचाच असेल असे मन म्हणते. तसे नाही. ऑब्जेक्ट अजूनही ज्येष्ठांची ठेवच आहे, म्हणून शोध पुन्हा तळापासून सुरू होतो. खाली उतरायचे, दर तिथे सापडतो, त्यात ‘वरच्याचा दर अधिक अर्धा टक्का’ असे लिहिलेले, म्हणून पुन्हा वर. ‘वरच्याचा’ म्हणताना मोजायचे ते ती ओळ ज्या क्लासमध्ये लिहिली आहे त्याच्या वरचा. ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा आहे त्याच्या वरचा नव्हे. या एका फरकावर मी कित्येक अनुभवी लोकांना अडखळताना पाहिले आहे.

१९८९ मध्ये डेव्हिड टेन्झर, मूर्ती गंटी आणि सुनील पोदार यांनी या चढउताराला ‘यो-यो’ असे नाव दिले. दोरीला बांधलेली चकती जशी खालीवर होते तसे वाचणाऱ्याचे मन क्लासच्या उतरंडीत खालीवर होत राहते. संगणकाला याचा त्रास नाही. सी प्लस प्लस आणि जावाची यंत्रणा प्रत्येक क्लाससाठी एक तक्ता आधीच तयार ठेवते: या नावाची मेथड अमुक ठिकाणी. पायऱ्या चढायच्याच नाहीत, तक्त्यात पाहायचे आणि उडी मारायची. चढायचे राहते ते माणसाला. मला आज जे सांगायचे आहे ते इथेच आहे. वारसा लिहिणाऱ्याचे श्रम वाचवतो, आणि वाचवलेले ते श्रम नाहीसे होत नाहीत; वाचणाऱ्याच्या खात्यावर जमा होतात. जो वारसा ठेवून जातो त्याने तो कुठून आला याची खूणही ठेवली पाहिजे.

मला हे किंमत देऊन कळले. एका पतसंस्थेसाठी आम्ही ठेवींचा हिशेब लिहिला होता, जावात. मी आता सांगितली तशीच उतरंड होती. दराच्या मेथडला ठेवीचे दिवस द्यायचे, ते साध्या पूर्णांकात. पुढे दुसऱ्या एका कामासाठी मी वरच्या क्लासमध्ये तो पूर्णांक बदलून मोठा पूर्णांक केला. एक शब्द बदलला. ज्येष्ठांच्या क्लासमधली मेथड मात्र जुन्या साध्या पूर्णांकाचीच राहिली. नाव तेच, पण दिवसांचा प्रकार वेगळा झाल्यामुळे भाषेच्या लेखी त्या आता दोन स्वतंत्र मेथड झाल्या. खालची वरचीला ओव्हरराइड करीनाशी झाली. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर काही बोलला नाही, कारण नियमाने त्यात काहीच चूक नव्हती. शोध खाली गेला, तिथे हव्या त्या प्रकारची मेथड नाही, म्हणून वर आला आणि वरच्या सामान्य दरावर समाधान मानून थांबला. ज्येष्ठांचा अर्धा टक्का गेला.

ही चूक बाहेर कशी आली? संस्थेतल्या एक वयस्क लिपिक बाई सवयीने काही ठेवींचे व्याज हाताने काढून वहीत मांडत असत. त्यांचा आणि यंत्राचा आकडा जुळेना. त्यांनी फोन केला तेव्हा मी आधी त्यांच्याच आकडेमोडीवर शंका घेतली. याची आठवण मला अजून बोचते. दोन दिवस मी ज्येष्ठांच्या क्लासमधली मेथड पुन्हा पुन्हा वाचत होतो, आणि ती निर्दोष होती. ती बोलावलीच जात नव्हती हे मला दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी सरांचा प्रश्न आठवला. दर जिथे वापरला होता त्या ओळीवर बोट ठेवले आणि हे कुठून आले ते डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत चालवणाऱ्या साधनात, पायरी पायरीने पाहिले. दहा मिनिटे लागली.

त्या काळी जावात यावर उपाय नव्हता. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत मेथडच्या डोक्यावर ‘ही ओव्हरराइड आहे’ अशी खूण लिहिण्याची सोय झाली. तशी खूण असेल आणि वर जुळणारी मेथड नसेल, तर कंपायलर प्रोग्रॅम अडवून ठेवतो. सी शार्पमध्ये तर हा शब्द लिहावाच लागतो. सी प्लस प्लसला ती सोय २०११ मध्ये मिळाली. जावात ही खूण ऐच्छिक आहे, आणि पुष्कळ जण कंटाळा करतात. माझ्या हाताखालच्या मुलांना मी या बाबतीत सूट देत नाही.

आता मी तुम्हाला लॅबमधून बाहेर काढून गणेशखिंडीच्या रस्त्याने विद्यापीठात नेतो. तिथे संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र आहे. त्या केंद्राने १९८४ मध्ये शि. द. जोशी आणि सरोजा भाटे यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय अनुवृत्तीची मूलतत्त्वे. त्याच्या आदल्या वर्षी याच दोघांचा, पाणिनीच्या सूत्रांतल्या ‘च’ या एका अव्ययाच्या कामगिरीवरचा ग्रंथ आला होता. पुण्यातल्या संगणकाच्या मंडळींना या दोन ग्रंथांची नावे फारशी ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते. वारशाने आलेली गोष्ट कुठून येते, कुठवर चालते आणि कशाने थांबते, एवढ्याच प्रश्नाचा इतका बारीक विचार मी आमच्या शास्त्रातही क्वचित पाहिला आहे.

अनुवृत्ती म्हणजे काय? अष्टाध्यायी या पाणिनीच्या व्याकरणग्रंथात सुमारे ४,००० सूत्रे आहेत, आठ अध्यायांत, प्रत्येकी चार पादांत. सूत्रे पाठ करायची असल्यामुळे एकदा उच्चारलेले पद पुढच्या सूत्रात पुन्हा उच्चारायचे नाही; ते आपोआप खाली वाहत येते. गुणसंधीचा नियम घ्या, सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातला ८७ वा. महा आणि ईश मिळून महेश, महा आणि उत्सव मिळून महोत्सव, हे ज्याने होते तो. त्या सूत्रात पदे फक्त दोन. एक सांगते, ‘अ-वर्णानंतर’. दुसरे सांगते, ‘गुण’. कशाच्या आधी? कशाच्या जागी? काहीच नाही. पण वर चढत जा. ८४ व्या सूत्रातून येते ‘आधीचा आणि नंतरचा अशा दोघांच्या जागी मिळून एक’. ७७ व्या सूत्रातून येते ‘स्वर पुढे असताना’. आणखी वर ७२ व्यातून येते ‘वर्ण एकमेकांना चिकटून उच्चारले असता’. हे सगळे गोळा केले की त्या दोन पदांचा पूर्ण नियम तयार होतो. खाली क्लासमध्ये दोनच ओळी, आणि उरलेले सगळे तीन पूर्वजांकडून.

पुढचेच, ८८ वे सूत्र पाहा. सदा आणि एव मिळून सदैव करणारा हा वृद्धीचा नियम. यातही दोनच पदे. ‘अ-वर्णानंतर’ हे शेजारच्या ८७ व्यातून येते, बाकीचेही वरून येतात. पण ‘स्वर पुढे असताना’ हे मात्र येत नाही, कारण त्याच सप्तमी विभक्तीतले नवे पद या सूत्राने स्वतः दिले आहे: ए, ओ, ऐ, औ यांपैकी कोणी पुढे असताना. त्याच जागेवर नवे पद बसले, जुन्याचा वारसा तिथे तुटला. ओव्हरराइडची याहून नेटकी व्याख्या मला देता येणार नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याला वैयाकरण मंडूकप्लुती म्हणतात, बेडकाची उडी. पद लगतच्या सूत्रांत न थांबता मधली काही ओलांडून पुढे जाऊन बसते. आमच्याकडे सी प्लस प्लसमध्ये वडिलांना वगळून थेट आजोबांची मेथड नाव घेऊन बोलावता येते. जावाने ही उडी बंद केली. तिथे फक्त लगतच्या वरच्याकडे जाता येते. माझे मत जावाच्या बाजूने आहे. बेडूक कुठून उडाला हे शोधणाऱ्याचे फार हाल होतात, आणि व्याकरणाच्या टीकाकारांनीही ही उडी शक्यतो टाळावी अशाच बेताने अर्थ लावलेले दिसतात.

हे सगळे गुंतागुंतीचे लाघव पाणिनीने केले खरे, पण ते पुढे टिकले ते भाष्यकारांमुळे. सातव्या शतकाच्या सुमारास जयादित्य आणि वामन यांनी काशिका लिहिली. ती सूत्रागणिक सांगते की इथे वरून अमुक पद येते. सूत्रकाराने श्रम वाचवले, ते वृत्तिकारांनी भरून दिले. आपल्या शहराने या परंपरेची सेवा फार केली आहे. डेक्कन कॉलेजात प्राध्यापक असताना फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात परिभाषेंदुशेखर या व्याकरणग्रंथाची संहिता आणि भाषांतर सिद्ध केले, पुढे पाणिनीच्या सूत्रांवरच्या महाभाष्याची आवृत्ती केली. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते खंडाखंडाने छापले. परिभाषेंदुशेखर लिहिणारे नागेशभट्ट काशीचे, पण घराणे मराठी, आडनाव काळे. दोन नियम एकाच जागी लागू पडले तर कोणता जिंकतो याचा क्रम त्यांच्या ग्रंथात आहे: आधीच्यापेक्षा नंतरचा बलवान, त्याहून नित्य (दुसरा लागला वा न लागला तरी लागणारा), त्याहून अंतरंग (ज्याची निमित्ते आतली), आणि सर्वांत बलवान अपवाद. विशिष्ट नियम सामान्याला हटवतो. उतरंडीत सर्वांत खालचा क्लास जिंकतो, तो याच न्यायाने.

या क्रमावरचा वाद संपलेला नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. विप्रतिषेधाच्या, म्हणजे दोन नियमांच्या विरोधाच्या, सूत्रातल्या ‘पर’ या शब्दाचा अर्थ ‘नंतरचे सूत्र’ नसून ‘शब्दाच्या उजव्या बाजूला लागू होणारे कार्य’ असा घ्यावा, हे त्यांचे म्हणणे. पुष्कळ विद्वानांना ते मान्य नाही. मी वैयाकरण नाही, निकाल देणार नाही. पण अडीच हजार वर्षांच्या आसपासच्या ग्रंथात शोधाचा क्रम कोणता, हा प्रश्न अजून लोकांना झोपू देत नाही, याचा मला आनंद होतो.

एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जातो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. मी ते म्हणत नाही. पाणिनीने क्लास लिहिले नव्हते आणि नॉर्वेच्या त्या दोघांसमोर अष्टाध्यायी नव्हती. एकच अडचण दोन वेळा, दोन ठिकाणी आली: थोडक्यात लिहायचे आणि तरी माग सापडला पाहिजे. पाणिनीच्या व्याकरणाचे आणि संगणकशास्त्राचे नाते तपासणारा लेख सरोजा भाटे आणि सुभाष काक यांनी भांडारकर संस्थेच्या वार्षिकात १९९३ मध्ये लिहिला आहे. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी तो वाचावा.

भांडारकर संस्थेचे नाव निघाले, म्हणून आता तिच्याकडे, लॉ कॉलेज रस्त्याकडे, वळू. पण त्याआधी उतरंडीतली सर्वांत अवघड जागा सांगतो: दोन वडील असलेला वारस.

पुस्तक नावाचा क्लास घ्या. तो वाचनीयही आहे आणि विक्रेयही. या दोघांचा वडील एकच, वस्तू. वर एक, मध्ये दोन, खाली एक. आकृती पत्त्यातल्या चौकटीसारखी दिसते. पुस्तकाला किंमत विचारली. किमतीची मेथड वस्तूमध्ये आहे आणि विक्रेयनेही आपली वेगळी लिहिली आहे. शोध कोणत्या क्रमाने करायचा? पायथनच्या जुन्या क्लासची रीत अशी, की पहिल्या वडिलांच्या बाजूने थेट वरपर्यंत जायचे, मग दुसऱ्यांकडे यायचे. म्हणजे पुस्तक, वाचनीय, वस्तू, आणि शेवटी विक्रेय. वस्तूची ढोबळ किंमत आधी सापडते, विक्रेयने मुद्दाम लिहिलेली किंमत कधी वाचलीच जात नाही. आजोबांनी काकांच्या आधी बोलून टाकले. २००३ च्या २.३ या आवृत्तीत पायथनने नवी रीत घेतली. ती डिलन या भाषेसाठी शोधली गेली होती आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिला सी-थ्री म्हणतात. तिचे दोन आग्रह: मुलगा नेहमी वडिलांच्या आधी, आणि वडिलांची नावे ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाचा मान राखायचा. त्याप्रमाणे पुस्तक, वाचनीय, विक्रेय, वस्तू अशी एकच सरळ रांग लागते. दोन्ही आग्रह एकदम पाळता येत नसतील, तर पायथन तो क्लास तयार करायलाच नकार देते. तो नकार मला फार आवडतो. संदिग्ध वारसा चालवून घेण्यापेक्षा तो जन्मतानाच अडवलेला बरा.

यात एक वळण आहे. या रांगेत वाचनीय क्लासमधून ‘पुढच्याकडे जा’ म्हटले, तर पाऊल त्याच्या वडिलांकडे, वस्तूकडे, पडत नाही. ते शेजारच्या विक्रेयकडे पडते. वाचनीय लिहिणाऱ्याने विक्रेयचे नावही ऐकलेले नसेल. म्हणून पायथनमध्ये कोड वाचताना क्लासचा मजकूर वाचून पुरत नाही, ती रांग छापून समोर ठेवावी लागते. भाषेनेच तशी सोय दिली आहे. क्लासला विचारले की तो आपली रांग सांगतो. सरांच्या प्रश्नाला स्वतःहून उत्तर देणारा क्लास!

आता भांडारकर संस्था. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९ खंड, १,२५९ हस्तलिखितांचा ताळा. १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. हा माणूस आधी केंब्रिजला गणित शिकला होता आणि मग बर्लिनला जाऊन शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून आला होता. मला ते पुण्यातल्या माझ्या व्यवसायाचे पूर्वज वाटतात.

त्यांच्यापुढची अडचण आमचीच होती. पोथीत एक ओळ आहे. ती कुठून आली? व्यासांच्या नावावर चालत आलेल्या मूळ पाठातून, की मधल्या कुणा लेखनिकाने घातली? पोथ्यांची वंशावळ लावायची: उत्तरेची शाखा, दक्षिणेची शाखा, उत्तरेत शारदा लिपीची, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. एकमेकींशी संबंध न आलेल्या दूरच्या दोन शाखांत एकच पाठ सापडला, तर तो त्यांच्या सामाईक पूर्वजाकडून आला असला पाहिजे. एकाच शाखेत सापडला, तर तिथल्या कुणी ओव्हरराइड केलेला. हा ताळा ज्या तक्त्यांवर करत, त्यांत वर एक आधारभूत ओळ चौकटी-चौकटींत एकेक अक्षर करून लिहायची आणि खाली प्रत्येक पोथीची ओळ, फक्त जिथे अक्षर वेगळे तेवढेच भरून. पुण्याप्रमाणे शांतिनिकेतनात आणि तंजावरातही हे तक्ते भरले गेले. शेजारच्या ओळींतला फक्त फरक दाखवणारे असेच तक्ते आज प्रत्येक प्रोग्रॅमरच्या पडद्यावर रोज उघडतात.

आणि दोन वडिलांची अडचण त्यांनाही होती, आमच्यापेक्षा बिकट. लेखनिक समोर दोन पोथ्या ठेवून लिहीत असे. एकीतले घेतले, दुसरीतले आवडले म्हणून समासात टिपले. पुढच्या नकलेत समासातले मजकुरात शिरले. देवनागरी पोथ्यांत असा संकर सर्वांत जास्त. पायथनच्या क्लासच्या डोक्यावर वडिलांची नावे तरी क्रमाने लिहिलेली असतात. त्या पोथीच्या डोक्यावर काहीच नव्हते. तिची रांग सुकथनकरांना तिच्या चुकांवरून, विशेष पाठांवरून, गाळलेल्या श्लोकांवरून लावावी लागली. १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी हे सगळे मांडले आहे. ती प्रस्तावना मी प्रोग्रॅमर म्हणून वाचली आणि मला डीबगिंगवर यापेक्षा चांगले पुस्तक सापडलेले नाही.

हल्ली आमच्यातले बरेच जण म्हणतात, वारसाच नको. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी आपल्या ग्रंथात वारशाऐवजी जोडणीला पसंती द्या असा सल्ला दिला. गो आणि रस्ट या नव्या भाषांत क्लासचा वारसा ठेवलेलाच नाही. सल्ला शहाणपणाचा आहे, आणि सहा-सात पिढ्यांची उतरंड रचणाऱ्याला मी तो आवर्जून ऐकवतो. तरी तेवढ्याने सुटका होते असे मला वाटत नाही. जोडणीत एक ऑब्जेक्ट काम दुसऱ्यावर सोपवतो, दुसरा तिसऱ्यावर. वाचणाऱ्याला वर चढण्याऐवजी आडवे चालावे लागते, एवढेच. दोन पिढ्यांचा, नीट नावे दिलेला वारसा मला अजूनही पाच जणांच्या सोपवासोपवीपेक्षा वाचायला सोपा जातो.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या कोड-एडिटरमध्ये समासाशेजारी लहानसा त्रिकोण दिसतो. ही मेथड वरच्या कुणाला तरी ओव्हरराइड करते हे तो सांगतो. एका कळीवर अख्खी उतरंड उघडते. ते पाहत जा. आम्हाला हे पेन्सिलीने करावे लागे.

चिकित्सक आवृत्तीचे पान कधी उघडले, तर आणखी एक गोष्ट पाहा. मूळ संहितेत काही अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. हा पाठ आम्ही निवडला आहे, पण त्याच्या वंशाची खात्री पुरती नाही, हे ती रेघ सांगते. इतका मोठा ग्रंथ, इतके विद्वान संपादक, आणि तरी जिथे माग पूर्ण लागला नाही तिथे त्यांनी पानावरच कबुली छापली. मी ती पहिल्यांदा पाहिली त्या संध्याकाळी सरांकडे गेलो होतो. त्यांनी पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “तुमच्याकडे असं काही आहे का?” नव्हते. तेव्हापासून, जिथे बोलावलेली मेथड अजून न लिहिलेल्या, पुढे दुसरे कुणी जोडणार असलेल्या क्लासमध्ये जाऊन पडू शकते, तिथे त्या ओळीशेजारच्या टिपेत मी एक नागमोडी चिन्ह घालतो आणि पुढे लिहितो, हे कुठून येईल ते इथून दिसत नाही. माझ्या हाताखाली काम केलेली काही मुले आता दुसऱ्या कंपन्यांत आहेत. मागच्या वर्षी त्यांच्यातल्या एकीने तिच्या कोडचे पान मला दाखवले. त्यात तीन ठिकाणी ते चिन्ह होते, आणि एका ठिकाणी ते खोडून समोर क्लासचे नाव आणि ओळीचा क्रमांक लिहिला होता.